पेंगेलीची कड

आल्बी पेंगेलीचे हात बघून अनोळखी माणसाला तो खाटीक असावा असं वाटायचं. बोटं जाड, तळवे रुंद, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. पण हाच माणूस अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरून तळहात फिरवायला लागला की मांजराच्या पाठीवरून फिरवतोय असं वाटे. मेलबर्नच्या पश्चिमेला, फुटस्क्रे भागात, कातडी कमावायच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला त्याची शेड होती. वारा फिरला की आत उभं राहवत नसे. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून बोलायची. आल्बीला त्याचं काही वाटत नसे.

युद्धाच्या काळात तो विमानांच्या कारखान्यात होता. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा, मग दोन चाकांच्या यंत्रातून मागेपुढे फिरवून गुळगुळीत करायचा, हे सगळं तिथलं शिक्षण. युद्ध संपलं, विमानं संपली. आल्बी दुधाच्या लॉऱ्यांच्या टाक्या आणि शववाहिकांची छपरं करू लागला. पोट भरत होतं, जीव रमत नव्हता. टाकी काय, गोलच असते, गोल कुणीही करतो, असं तो म्हणे.

लग्न केलं नाही. घरचं म्हणून जे काही होतं ते म्हणजे धाकटी बहीण नोला. रविवारी दुपारी तिच्याकडे भाजलेलं मटण आणि पुदिन्याची चटणी ठरलेली. नोलाचा नवरा वर्न हॅलोरन रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. बुटका, हसरा, बोलायला चुरचुरीत, आणि शर्यतीच्या गाड्यांचं भयंकर वेड. कामावरून सुटला की एका मोडक्या ट्रकच्या इंजिनाशी त्याची झटापट चाले. चासी त्यानेच जोडली होती, रेल्वेच्या भंगारातल्या नळ्यांची. एका रविवारी जेवण झाल्यावर त्याने आल्बीला अंगणात नेलं, तो उघडा सांगाडा दाखवला आणि विचारलं, हिला अंगावर घालायला काहीतरी देशील का?

आल्बीने दिलं. वर्षभर दुसरं काही त्याला सुचलं नाही.

शेडच्या चुना मारलेल्या भिंतीवर त्याने कोळशाने गाडी काढली, खऱ्या मापाची. पुसली, पुन्हा काढली. वर्नच्या मागण्या साध्या होत्या. इंजिनाला हवा मिळाली पाहिजे, वळताना कोपर अडकायला नको. बाकी तुझं तू बघ. आल्बीने प्लायवूडचा साचा उभा केला आणि त्याच्यावर एकेक पत्रा बसवत गेला. पत्रा ठोकून ठोकून ताठर झाला की तो त्याला कपडे धुवायचा साबण फासायचा आणि खालून ज्योत फिरवायचा. साबण तपकिरी झाला की ज्योत बंद. पत्रा पुन्हा कणकेसारखा मऊ. वर्न म्हणायचा, "लेका, एवढं लाडाने तू आजवर कुठल्या बाईला हात लावला नसशील." आल्बी हसायचा नाही, पण त्याला ते आवडायचं.

नाक झालं, बाजू झाल्या. शेपटीपाशी आल्बी अडला. ती त्याने तीनदा केली आणि दोनदा भंगारात टाकली. तिसरी मनासारखी झाली. ड्रायव्हरच्या पाठीमागून ती लांब उतरत जायची, निमुळती होत होत, आणि शेवटी इतकी हलकेच संपायची की पत्रा कुठे थांबला आणि हवा कुठे सुरू झाली ते नजरेला कळू नये. कातड्याच्या कारखान्यातली माणसं दुपारच्या सुट्टीत डबे घेऊन ती बघायला यायची. आपल्याला आयुष्यात जे सांगायचं होतं ते या शेपटीत आलं, असं आल्बीला वाटायचं. तो हे कुणाला बोलला नाही. बोलला असता तर वर्नने पबमध्ये त्याचं हसं केलं असतं.

शर्यती टालिंगाला व्हायच्या. मेंढपाळांच्या मुलखातलं एक गाव, दिवसभरापुरते बंद केलेले रस्ते, आणि मधोमध धरणाचा बांध. बांधावर रस्ता एकदम चढायचा आणि एकदम उतरायचा. त्या उंचवट्यावर गाड्या सगळ्यात वेगात असत.

पहिल्या शर्यतीत वर्न पाचवा आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता. बांधावर मागची चाकं जमीन सोडतात, तो म्हणाला. गाडी मागून उचलल्यासारखी वाटते. शेपूट काही बरोबर नाही.

"तुझाच पाय लटपटला असेल," आल्बी म्हणाला.

वर्नने वाद घातला नाही. मागे वजन टाकून बघितलं, तर गाडी जड झाली. मग त्याला एक जुनं वादळ आठवलं. त्याचं लहानपण गावाकडे गेलेलं. मेंढ्यांची लोकर कातरायच्या त्यांच्या शेडचं छप्पर एकदा वादळात उडालं होतं. वाऱ्याने ते खालून ढकललं नव्हतं, वरून ओढून नेलं होतं, हे त्याच्या बापाने त्याला तेव्हा दाखवलं होतं. उतरतं छप्पर, उतरती शेपूट. पुढच्या शर्यतीच्या सकाळी आल्बी टालिंगाला पोचला तेव्हा त्याच्या शेपटीच्या टोकाला, आरपार आडवी, चांगली बोटभर उंच, जस्ताच्या पत्र्याची एक पट्टी उभी होती. छपराचाच पत्रा. वर्नने कात्रीने कापून रिबिटं ठोकून बसवली होती. कडाही घासल्या नव्हत्या.

"हे काय केलंस?"

"पळवून बघू दे. नाही जमलं तर मीच काढतो."

"मी वर्ष घातलंय त्यात, वर्न."

"आणि मी आत बसतो त्यात," वर्न म्हणाला.

वर्न पहिला आला. बांधावरून गाडी जमिनीला चिकटून गेली. माइकवरच्या माणसाने तिचं नाव लगेच 'संडास एक्स्प्रेस' ठेवलं, कारण अशा पत्र्याची छपरं गावाकडे अंगणातल्या संडासांवर असतात. सगळं मैदान हसलं. पेपरात फोटो आला तोही मागूनच काढलेला. पबमध्ये आल्बीला लोक विचारायचे, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यालाही असं काही बसवून देतोस का. तो ग्लास संपवून निघून जायचा. कित्येक रविवार तो नोलाकडे फिरकला नाही.

त्या हिवाळ्यात नोलाला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि तिने वर्नला सांगितलं की आता पुरे. दोन शर्यतींत दोन माणसं हॉस्पिटलात गेलेली तिने पाहिली होती. वर्नने कुरकुर केली, पण ऐकलं. गाडी विकायची ठरली आणि घ्यायला रूपर्ट डेनहॅम आला. हजारो मेंढ्यांचा मालक, घोडे पाळणारा, हातात कातडी मोजे. घोड्यांना जसा जॉकी ठेवायचा तसा गाडीला त्याने ड्रायव्हर ठेवला होता. त्याने शेडमध्ये गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागे येऊन थांबला.

"पेंगेली, ही फार सुंदर आहे. फक्त मागे हे काय लावलंय?"

"ते काढता येतं," आल्बी म्हणाला.

वर्न त्या वेळी कामावर होता. संध्याकाळी त्याला सौदा झाल्याचं कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की पट्टीचं त्यांना नीट समजावून सांग. काढायची म्हणाले तर बांधावर वेग कमी करायला सांग. हे विसरू नकोस. आल्बी म्हणाला, सांगतो.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी आल्बीने रिबिटं कापली, पट्टी काढली, भोकं भरली आणि पत्रा घासून घासून पूर्वीसारखा केला. पट्टी होती याची खूणही उरली नाही. खूप महिन्यांनी त्याला स्वतःच्या कामाकडे बघून बरं वाटलं.

गाडी न्यायला डेनहॅमबरोबर ड्रायव्हर आला. रॉस विटकूम. गिप्सलँडकडचा, गवळ्याचा मुलगा, लाल केसांचा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारा. त्याने शेपटीवर हात ठेवला, खाली वाकून बाजूने नजर लावली आणि शीळ घातली. मग विचारलं, "काही सांगण्यासारखं आहे का? कुठे नखरे करते?"

डेनहॅम शेजारीच उभा होता. नुकताच तो म्हणाला होता, की इटलीतही याहून चांगलं काम होत नाही. आल्बीने तोंड उघडलं. पट्टीचं सांगायचं तर शेपूट चुकीची आहे हेही सांगावं लागणार होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "मोकळी सोडा तिला."

मार्चमध्ये, तिकडच्या शरद ऋतूतल्या शर्यतीला आल्बी टालिंगाला गेला. बांधाच्या अलीकडच्या टेकाडावर हातात मटण भरलेली गरम पेस्ट्री घेऊन उभा राहिला. रॉस पहिल्या फेऱ्यांत सांभाळून चालवत होता. मग पुढची गाडी आवाक्यात आली आणि त्याने इंजिनाला पूर्ण मोकळं सोडलं. बांधावर चढताना शेपूट उचलली गेली. आल्बीने कारखान्यात असताना विमानांना धावपट्टी सोडताना शेकडो वेळा बघितलं होतं. त्या विमानांचं आधी शेपटीखालचं चाक उठायचं. तसंच झालं. गाडी बांधावरून खाली, पाण्याच्या उलट्या बाजूच्या कातळावर गेली. लोक ओरडत धावले. आल्बी जागचा हलला नाही. हातातली पेस्ट्री गार होऊन गेली तरी त्याने ती धरून ठेवली होती.

वर्नने दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो बघितला. उलट्या पडलेल्या गाडीची शेपूट फोटोत स्पष्ट दिसत होती, टोकाला पट्टी नव्हती. तो कामावर न जाता सरळ शेडमध्ये आला.

"त्यांनी काढली का तू काढलीस?"

आल्बी यंत्राजवळ बसला होता. त्याने यंत्राचं चाक फडक्याने पुसायला घेतलं.

"त्या पोराला सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं."

"माझ्याकडे बघून बोल."

आल्बीने बघितलं नाही. वर्न दारापर्यंत जाऊन परत फिरला. मग म्हणाला, "पोराच्या मरणाची कोरोनर चौकशी करेल, त्याच्यासमोर जाऊन तू सांग. नाहीतर मी जातो."

त्याला जाऊ दिलं नाही ते नोलाने. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले, अशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली की मेलेला परत येणार नाही, आणि माझा एकच भाऊ आहे. आल्बीची शेड बंद होईल, लोक त्याला वाळीत टाकतील, कदाचित तुरुंगातही घालतील. ती रडली नाही. रडली असती तर वर्नला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. तो गप्प बसला. कोरोनरने तांत्रिक माणसांचं ऐकलं, स्टिअरिंग तपासलं, ब्रेक तपासले, सगळं ठीक निघालं. ड्रायव्हरने त्या जागी झेपेल त्याहून जास्त वेग घेतला, असा निकाल झाला.

निकालानंतर काही दिवसांनी शेडच्या दारात एक म्हातारा आला. ठेवणीतला कोट, गळ्याशी घट्ट टाय, हातात टोपी. कातड्याचा वास आला तरी त्याने नाकाला रुमाल लावला नाही. रॉसचा बाप होता तो. दूध काढून, ट्रेन पकडून आला होता. त्याला फक्त गाडी जिथे तयार झाली ती जागा बघायची होती. आल्बीने खुर्ची पुसून दिली. म्हाताऱ्याने भिंतीवरचं कोळशाचं चित्र बराच वेळ बघितलं.

"पोरगा घरी येऊन हिच्याबद्दलच बोलायचा," तो म्हणाला. "त्याच्या आईला त्याने फोटो पण आणून दिला होता." मग आल्बीकडे वळून, "मिस्टर पेंगेली, मला गाड्यांमधलं काही कळत नाही. गाडी चांगली होती ना?"

आल्बीच्या हातात मोगरी होती. ती त्याने टेबलावर ठेवली.

"चांगली होती."

"मग रॉसचंच चुकलं." म्हाताऱ्याने मान हलवली. "लहानपणापासून घाई फार. घोड्यावर बसला तरी तेच. मी त्याला किती वेळा सांगितलं." त्याने टोपी घातली, चहा नको म्हणाला, आल्बीचा हात हातात घेऊन आभार मानले आणि गेला. आल्बी दारापर्यंत गेला. पण म्हाताऱ्याच्या मागे धावून जावं इतकं बळ त्याच्यात आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

डेनहॅमने मोडलेली गाडी शेडमध्ये आणून टाकली. इंजिन वाचलं होतं, चासी सरळ करता येणार होती. बॉडी पूर्वी होती तशीच्या तशी हवी, तो म्हणाला. आल्बीने ठेचलेला पत्रा काढला. नवी शेपूट करायला बसला तेव्हा त्याने टोकाशी पत्रा वर वळवला. ठिगळासारखा नाही, तर शेपटीतूनच उगवल्यासारखा, लाटेच्या कडेसारखा. वळण अवघड होतं. तिथे पत्रा ताणायचाही होता आणि आवळायचाही. त्याने कितीतरी वेळा साबण फासला, कितीतरी वेळा तापवला. त्याच्या हातून यापेक्षा चांगलं काम आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. डेनहॅमने कपाळाला आठ्या घातल्या, पण सिडनीहून आलेला नवा ड्रायव्हर बांधावरून जाऊन आला आणि म्हणाला, की ही कड काढली तर मी बसणार नाही.

ती गाडी त्या मोसमात हरली नाही.

मग लोक येऊ लागले. आम्हालाही तशी कड पाहिजे. एका मासिकाचा माणूस आला, त्याने तिचं नाव 'पेंगेली कड' ठेवलं आणि विचारलं, ही कल्पना सुचली कशी? आल्बी तोंडाला आलं ते बोलला. आमच्या बापाची लोकर कातरायची शेड होती, तिचं छप्पर एकदा वादळात उडालं, तेव्हा बापाने दाखवलं की वारा वरून ओढतो.

पेंगेलींचा बाप ट्राममध्ये कंडक्टर होता. त्याने उभ्या जन्मात मेंढीला हात लावला नव्हता.

नोलाने ते मासिक स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचलं आणि वर्न यायच्या आत चुलीत घातलं. पण वर्कशॉपमध्ये कुणीतरी वर्नला दाखवलंच. त्याने इंजिनाची अवजारं एका शेजाऱ्याला देऊन टाकली. आल्बीचं नाव त्या घरात निघेनासं झालं. पोरांना मामा आहे हे पोरं हळूहळू विसरली.

दहाएक वर्षं आल्बीचा बोलबाला राहिला. मग फायबरग्लास आलं. कुणीतरी त्याच्याच एका गाडीवरून साचा घेतला आणि डझनांनी कडा काढल्या. पेंगेलीची शेड पुन्हा दुधाच्या टाक्यांवर आली. त्याला फारसं वाईट वाटलं नाही. टाकीला शेपूट नसते.

वर्न छातीच्या दुखण्याने गेला. वर्कशॉपमध्ये बॉयलरवर गुंडाळायच्या अॅस्बेस्टॉसच्या पांढऱ्या धुळीने त्याच्याबरोबरच्या पुष्कळांना नेलं, त्यातलाच तो. आजारात आल्बी दोनदा दारापर्यंत गेला. दोन्ही वेळा नोलाने बाहेर येऊन सांगितलं की तो झोपलाय. आतून खोकला ऐकू येत होता. पुरल्यानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि सँडविच होते. लोक पांगल्यावर नोला त्याच्यापाशी आली. तिचे केस पार पांढरे झाले होते.

"तुझ्यासाठी मी त्याला गप्प बसवलं," ती म्हणाली. "त्याने तुला माफ केलं असेल नसेल, मला माहीत नाही. मला नाही केलं. इतकी वर्षं एका बिछान्यात झोपलो आम्ही, आणि दर वेळी त्या पोराचं नाव पेपरात आलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तू आता काय सांगायचं ते सांग, नाहीतर सांगू नकोस. ऐकायला हवा होता तो गेला."

आल्बी म्हणाला, मला माफ कर. ती कप गोळा करायला निघून गेली.

त्या वर्षीच्या शेवटी जुन्या गाड्यांच्या क्लबने आल्बीला जेवणाला बोलावलं, त्याचा सत्कार करायला. पडद्यावर जुने फोटो दाखवले. डेनहॅमची गाडी आली, तिची कड जवळून दाखवली, टाळ्या पडल्या. मग त्याला दोन शब्द बोलायला उठवलं. आल्बीने घरून ठरवून आणलं होतं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"ही कड माझी नाही," तो म्हणाला. "माझा मेव्हणा वर्न हॅलोरन, त्याची आहे. छपराच्या पत्र्याची केली होती त्याने. मी नुसती नक्कल केली."

मग समोरच्या टेबलावरचा एक जण कौतुकाने हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. सगळेच लागले. अध्यक्ष माइक घेऊन म्हणाले, की बघा, मोठी माणसं अशी असतात. मेव्हणा नुकताच वारलाय यांचा. श्रेयसुद्धा त्याला देऊन टाकलं.

आल्बीला पुढचं सांगायचं होतं. रॉस विटकूमचं नाव त्याच्या ओठावर आलं होतं. माइक अध्यक्षांच्या हातात होता, वाढपी भाजलेलं कोकरू घेऊन टेबलांमधून फिरायला लागले होते, आणि शेजारच्या माणसाने त्याच्या कोपराला धरून त्याला हलकेच खाली बसवलं. तो बसला. पुढ्यात ताट आलं. कुणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि बटाटे हवेत का म्हणून विचारलं.

"दे," आल्बी म्हणाला.